बोर्ड म्हणजे फळी : एका शब्दाभोवतीच्या इंग्रजी वाक्प्रचारांची पार्श्वभूमी

इंग्रजीत व्यवहार चोख असला की तो ‘अबव्ह बोर्ड’. पगारवाढ सरसकट सगळ्यांना मिळाली की ती ‘अक्रॉस द बोर्ड’. ठरवलेला बेत बारगळला की तो ‘बाय द बोर्ड’ गेला. विमानात चढणं ते बोर्डिंग, शाळेतच राहून-जेवून शिकणं तेही बोर्डिंग, आणि कंपनीची सूत्रं ज्यांच्या हाती ते लोकसुद्धा बोर्डच. वाक्प्रचारांच्या पुस्तकांत हे सगळं एकाखाली एक छापलेलं असतं, समोर अर्थ दिलेला असतो आणि मुलं ते घोकतात. मीही घोकलं होतं आणि परीक्षा संपल्यावर विसरूनही गेलो. आता माझं मत ठाम आहे : हे वाक्प्रचार घोकायचे नसतातच. त्यांच्यामागे लाकडाची एक फळी आहे. ती एकदा डोळ्यांसमोर आली की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे फळी. त्याच रूपाचा दुसरा एक शब्द होता, त्याचा अर्थ कड, आणि विशेषकरून जहाजाची बाजू. जहाजाची बाजू फळ्यांचीच बनलेली असल्यामुळे हे दोन शब्द एकमेकांत कधीच मिसळून गेले. शिवाय ढाल लाकडाची असे, म्हणून कवी ढालीलाही ‘बोर्ड’ म्हणत. इ.स. 937 मध्ये ब्रुनानबर्हला झालेल्या लढाईवर एक जुनी इंग्रजी कविता आहे. तिच्या सुरुवातीलाच राजा आणि त्याचा भाऊ शत्रूची ‘बोर्डवेल’, म्हणजे ढालींची भिंत, फोडतात. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. आपणही शत्रूची फळी फोडतो, पक्षात नेत्यांची दुसरी फळी तयार करतो, क्रिकेटमध्ये फलंदाजीची मधली फळी कोसळते. आणि ‘फळा’ ज्याच्यावरून आला त्या संस्कृत ‘फलक’ शब्दाचा ढाल हाही अर्थ अमरकोशात दिलेला आहे. दोन्हीकडच्या माणसांच्या हाती लाकूड तेच होतं, त्यातून शब्दही सारखेच घडत गेले.

जहाजावरची ‘बोर्डं’ आधी बघू, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. ‘स्टारबोर्ड’ या शब्दात तारा नाही. जहाजाच्या मागच्या टोकाला मध्यभागी बसवायचं सुकाणू उत्तर युरोपात यायच्या आधी, एक रुंद पात्याचं वल्हं जहाजाच्या मागच्या भागात उजव्या अंगाला बांधलेलं असे आणि त्यानेच दिशा दिली जाई. नॉर्वेत 1880 मध्ये उकरून काढलेल्या नवव्या शतकातल्या गोकस्टाड जहाजाचं वल्हं असंच उजवीकडे आहे. ‘स्टिअर’ करण्याची बाजू ती स्टारबोर्ड. आता वल्हं उजवीकडे, म्हणजे धक्क्याला लावताना ती बाजू मोकळी ठेवायला हवी, नाहीतर वल्हं चेपून मोडेल. म्हणून डावी बाजू धक्क्याला लागे आणि माल तिकडून चढे. त्या बाजूचं नाव पुढे ‘लारबोर्ड’ झालं. स्टारबोर्ड आणि लारबोर्ड! वादळात कुणी ओरडून हुकूम दिला तर यातलं नेमकं काय ऐकू येणार? ब्रिटिश नौदलाने अखेर 1844 मध्ये हुकूम काढून लारबोर्डच्या जागी ‘पोर्ट’ आणलं, अमेरिकी नौदलाने 1846 मध्ये. डावी बाजू बंदराकडची, म्हणून पोर्ट.

‘बाय द बोर्ड’ याच घराण्यातला. वादळात डोलकाठी मोडून जहाजाच्या कडेवरून खाली गेली की ती ‘बोर्डावरून’ गेली. समुद्रात पडलेली डोलकाठी परत मिळत नाही. म्हणूनच हा वाक्प्रचार नुसता उशीर झालेल्या बेताला शोभत नाही, कायमच्या हातच्या गेलेल्या गोष्टीलाच शोभतो. डोलकाठी डोळ्यांसमोर असेल तर ही चूक होतच नाही. ‘ऑन बोर्ड’, ‘ओव्हरबोर्ड’ आणि विमानतळावरचा बोर्डिंग पास हे सगळे या कडेचेच. कार्यालयांत नव्या माणसाचं ‘ऑनबोर्डिंग’ होतं, तेही जहाजावर घेणंच.

दुसरं घराणं जेवणाच्या टेबलाचं. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बहुतेक घरांत कायमचं टेबल नसे. लाकडी घोड्यांवर लांब फळ्या टाकायच्या, वर कापड अंथरायचं, जेवायचं, आणि जेवण झालं की सगळं उचलून भिंतीशी उभं करायचं. मोठ्या दालनातसुद्धा तीच रीत. त्यामुळे ‘बोर्ड’ म्हणजे टेबल, आणि टेबल म्हणजे त्यावरचं रोजचं जेवण, असा अर्थ सरकत गेला. ‘बोर्ड अँड लॉजिंग’मध्ये जेवण आहे ते असं. बोर्डिंग शाळेतही जेवणच आहे, पाटी-फळा नाही. ‘कपबोर्ड’ म्हणजे मुळात पेले मांडून ठेवायची फळी. दारं लागून तिचं कपाट नंतर झालं.

नवराबायकोचं नातंही या फळीला बांधलेलं होतं. ‘बेड अँड बोर्ड’ म्हणजे एक अंथरूण आणि एक पान. इंग्लंडच्या धर्मन्यायालयांत जोडप्याला वेगळं राहायची परवानगी मिळे ती ‘बेड अँड बोर्ड’पासून वेगळं होण्याची. लॅटिन कायद्याच्या भाषेतही शब्द हेच होते, टेबल आणि शय्या. लग्न मात्र मोडलेलं नसे, दुसरं करता येत नसे. 1857 च्या कायद्याने हे खटले धर्मन्यायालयांकडून काढून घेतले आणि त्या जागी न्यायालयीन विभक्ती आली. भाषेत मात्र ते शब्द टिकून राहिले.

ज्या फळीवर जेवायचं त्याच फळीभोवती बसून हिशेब आणि मसलत व्हायची. मग भोवती बसणाऱ्या माणसांनाच ‘बोर्ड’ म्हणू लागले. इंग्लंडच्या राजवाड्याचा खर्च तपासणाऱ्या मंडळाचं नाव तर सरळ ‘बोर्ड ऑफ ग्रीन क्लॉथ’ होतं, कारण ते लोक हिरवं कापड घातलेल्या टेबलाशी बसत. मला हा सगळा प्रकार फार आवडतो. ‘ब्युरो’ हे मेजावर घालायच्या जाड्याभरड्या कापडाचं फ्रेंच नाव, ‘बँक’ हा इटलीतल्या सराफांचा बाक, ‘चेअर’ ही खुर्ची. युरोपातल्या सत्तेची निम्मी नावं सुताराच्या दुकानातून आलेली आहेत. आपण ‘बोर्ड’ला ‘मंडळ’ हा प्रतिशब्द केला तेव्हा टेबल काढून टाकलं आणि भोवतीचं माणसांचं वर्तुळ तेवढं ठेवलं. मला तो उत्तम अनुवाद वाटतो.

टेबलाशी बसून पत्तेही खेळले जात. ‘अबव्ह बोर्ड’ तिथला. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशात हे स्पष्टच लिहून ठेवलं आहे : जुगारी हात टेबलाखाली नेतात ते पत्ता बदलायला. हात फळीच्या वर दिसत आहेत, तोवर लबाडी नाही. मराठीत पैसे ‘टेबलाखालून’ जातात, ते याच चित्राचं दुसरं अंग. टेबलावरची सगळी रक्कम एकाच्या पदरात पडली की तो ‘स्वीप द बोर्ड’. आज पुरस्कार सोहळ्यात एकाच चित्रपटाने सगळी बक्षिसं नेली तरी हेच म्हणतात.

‘अक्रॉस द बोर्ड’ मात्र या टेबलावरचा नाही, आणि वयाने बराच लहान आहे. तो अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतींतून आला. तिथे बाजीचे भाव मोठ्या फलकावर लावलेले असत. एकाच घोड्यावर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या अशा तिन्ही क्रमांकांसाठी सारखी रक्कम लावली की ती बाजी ‘अक्रॉस द बोर्ड’ झाली. ‘सरसकट’ हा आजचा अर्थ त्यातूनच निघाला.

घोड्यांचाच आणखी एक ‘बोर्ड’ आहे. घोडागाडी धावताना टापांनी चिखल उडे. तो गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे एक फळी लावत, तिचं नाव ‘डॅशबोर्ड’. ‘डॅश’ म्हणजे इथे चिखलाचा फटकारा. मोटारी आल्या, घोडा गेला, तरी चालकासमोरच्या भागाचं नाव तेच राहिलं. पुढे त्यावर काटे आणि दिवे आले, आणि आता संगणकाच्या पडद्यावर आकडे मांडलेले दिसले की तोही डॅशबोर्ड.

या घराण्यातल्या एका वाक्प्रचाराची तर जन्मतारीख सांगता येते. ‘द न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाच्या 1 मार्च 1941 च्या अंकात पीटर आर्नो यांचं एक व्यंगचित्र आलं. नवं विमान नाकावर जमिनीत घुसलेलं आहे, माणसं त्याच्याकडे धावत सुटली आहेत, आणि एकच गृहस्थ आराखड्याची गुंडाळी काखेत मारून उलट दिशेने चालला आहे. तो म्हणतो, चला, पुन्हा त्या जुन्या ‘ड्रॉइंग बोर्ड’कडे. चित्र आज फार थोड्यांना आठवतं. पण योजना फसली की लोक अजूनही त्याच फळीकडे परत जातात.