एक्स्पान्शन चेंबर

द्विधाव (टू-स्ट्रोक) एंजिनाच्या एक्झॉस्ट नळीचा, मध्ये फुगीर व दोन्ही टोकांना निमुळता असा भाग. या एंजिनात निष्कास (एक्झॉस्ट) द्वार उघडण्या-मिटण्याचे काम बहुधा दट्ट्याच (पिस्टन) करतो. जळका वायू बाहेर पडत असतानाच ताजे मिश्रण आत येते आणि त्यातले काही त्याच द्वारातून निसटते. ते परत आणणे हे चेंबरचे मुख्य काम.

द्वार उघडताच दाबाची लहर नळीतून धावते. रुंदावत्या शंकूवरून ती चोषण लहर होऊन परतते व सिलिंडर रिकामा करते. पुढच्या निमुळत्या शंकूवरून परतणारी दाबलहर निसटलेले मिश्रण पुन्हा आत ढकलते. मिनिटाला 10,000 फेऱ्यांवर एक फेरी 6 मिलिसेकंदांत होते आणि द्वार जेमतेम 3 मिलिसेकंद उघडे असते. तप्त वायूत लहरीचा वेग सेकंदाला सुमारे 500 मीटर धरल्यास तेवढ्या वेळात ती दीड मीटर जाते, म्हणजे तिला परतवणारा शंकू साधारण पाऊण मीटरवर हवा. फेरे कमी-जास्त झाले की हा मेळ चुकतो. अशी एंजिने ठरावीक फेऱ्यांवर एकाएकी उसळतात व तिथेच त्यांचा आवाजही धारदार होतो, तो यामुळे.

उगमाबद्दल एकमत नाही. लिम्बाख या जर्मन अभियंत्याला 1938 मध्ये पेटंट मिळाल्याचे सांगतात. त्याचा हेतू इंधनबचतीचा होता. शर्यतीच्या गाड्यांवर फुगीर नळी प्रथम बसवल्याचे श्रेय डीकेडब्ल्यू या जर्मन मोटारसायकल कंपनीच्या एरिख वोल्फला, 1951च्या सुमारास, दिले जाते. तरीही त्यामागचे शास्त्र उभे केले ते पूर्व जर्मनीतील एमझेड या मोटारसायकल कारखान्याच्या वाल्टर काडेनने, असे मानणे अधिक सयुक्तिक. ऑसिलोस्कोपवर, म्हणजे लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, दाबलहरी पाहत त्याने नळ्यांची मापे ठरवली. 1961 मध्ये त्याच्या 125 घनसेंमी. एंजिनाने 25 अश्वशक्ती, म्हणजे लिटरला 200, दिली. त्याच वर्षी एमझेडचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निसटला आणि हे ज्ञान सुझुकीकडे गेले. 1962 चे 50 घनसेंमी. गटाचे जगज्जेतेपद त्याने सुझुकीवर मिळवले.

तीन सिलिंडरांच्या साब व वार्टबुर्ग मोटारींत शेजारच्या सिलिंडरची दाबलहरच काही अंशी हे काम करत असे.

भारतात यामाहा आरएक्स 100 च्या सायलेन्सरमधली मागची नळी काढण्याची चाल आहे. त्याने आवाज वाढतो; ताकद वाढेलच असे नाही, कारण शंकूंची लांबी तीच राहते.