सोबतीचे शरीरशास्त्र

सांगली जिल्ह्यातील खानापूर आणि आटपाडी या पाण्याची टंचाई सोसत आलेल्या तालुक्यांतून अनेक कुटुंबे गलाईच्या व्यवसायासाठी देशभर गेली आहेत. जुने सोने-चांदी वितळवून त्यातील शुद्ध धातू वेगळा काढण्याचे हे काम शिकायला विट्याच्या परिसरातला एखादा मुलगा दूरच्या शहरात जातो, तेव्हा तेथील भाषा, जेवण, भट्टीची धग आणि आम्लाचा वास हे सारे त्याला एकदमच नवे असते. तरीही बहुतेक मुले तिथे टिकतात. याचे मोठे कारण म्हणजे गावाकडचाच कोणीतरी त्याला आपल्या गाळ्यात झोपायला जागा देतो, दोन वेळा जेवू घालतो आणि हाताला धरून काम शिकवतो. या साध्या माणुसकीचा माणसाच्या शरीरावर आणि रोजगारावर नेमका काय परिणाम होतो, याचा शोध गेल्या सुमारे ६० वर्षांत मानसशास्त्राने आणि समाजशास्त्राने बराच पुढे नेला आहे.

अमेरिकेतील थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातील ४३ बदलांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. विवाहाला ५० गुण गृहीत धरून इतर प्रत्येक घटनेशी जुळवून घ्यायला त्या मानाने किती कष्ट पडतात, हे त्यांनी ३९४ लोकांना विचारले होते. जोडीदाराच्या मृत्यूला १००, नोकरी जाण्याला ४७, निवृत्तीला ४५, कामाचे क्षेत्र बदलण्याला ३६ आणि राहते घर बदलण्याला २० गुण मिळाले. आनंदाचे प्रसंगही या यादीत आहेत, कारण सुखाचा असो वा दुःखाचा, प्रत्येक बदल शरीराला नव्याने घडी बसवायला लावतो. हे अमेरिकी गुण आपल्याकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु लग्नाबरोबर घर, गाव आणि अनेकदा नोकरीही एकाच महिन्यात बदलणाऱ्या जतच्या किंवा कवठेमहांकाळच्या मुलीवर किती भार येत असेल, याचा अंदाज त्यांवरून निश्चित येतो, आणि या भाराची दखल आपण फारच कमी घेतो असे मला वाटते.

पुढे राहे यांनी अमेरिकी नौदलातील खलाशांवर ही मोजपट्टी पडताळून पाहिली. ज्यांच्या आयुष्यात आधी अधिक बदल झाले होते ते अधिक आजारी पडले, मात्र हा संबंध क्षीण होता. सारखाच बदल सोसणाऱ्या दोन माणसांपैकी एक कोलमडतो आणि दुसरा तरतो, ते कशामुळे? याची कारणे अनेक असली, तरी त्यांपैकी एकाचा पुरावा वारंवार मिळत गेला. १९८५ मध्ये शेल्डन कोहेन आणि थॉमस विल्स यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन असे मांडले की, अडचणीच्या वेळी हाक मारता येईल अशी माणसे आपल्याला आहेत ही खात्रीच तणावाचा आघात सौम्य करते.

हे शरीरात कसे घडते, ते नोकरीच्या मुलाखतीच्या उदाहरणावरून चांगले समजते. धोका जाणवताच मेंदूतील हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला संदेश देतो, ती रक्तात संप्रेरक सोडते आणि त्याच्या प्रभावाने मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरक स्रवू लागतात. त्यामुळे रक्तातील साखर वाढते आणि शरीर सामना करायला सज्ज होते. थोड्या वेळापुरती ही सज्जता उपयोगी असते, पण ती आठवडेच्या आठवडे टिकून राहिली तर झोप, रक्तदाब आणि रोगप्रतिकारशक्ती या तिन्हींना झळ पोहोचते. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठात १९९३ मध्ये विकसित झालेल्या एका चाचणीत स्वयंसेवकाला निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर नोकरीसाठी आपली बाजू मांडायला आणि नंतर तोंडी गणिते करायला लावतात, आणि त्या दरम्यान लाळेतील कॉर्टिसॉल मोजतात. स्वित्झर्लंडमध्ये मार्कुस हाइनरिक्स आणि सहकाऱ्यांनी ३७ पुरुषांवर केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच प्रयोगात तयारीच्या वेळी ज्यांचा जिवलग मित्र जवळ होता त्यांचे कॉर्टिसॉल एकट्याने तयारी करणाऱ्यांपेक्षा कमी वाढले. परीक्षकांसमोर जाताना मित्र बरोबर नव्हता, केवळ आधीच्या काही मिनिटांची ती सोबत होती. मुलाखतीला निघालेल्या भावाबरोबर सांगलीच्या बसस्थानकापर्यंत जाणारी बहीण तेवढीच सोबत देत असते.

सोबतीचा उपयोग होतो म्हणून सल्ल्याचाही होईल, असे मात्र नाही. नियाल बोल्गर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. न्यूयॉर्कमध्ये वकिलीची सनद मिळवण्यासाठी कठीण परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेची तयारी करणारी व्यक्ती आणि तिचा जोडीदार अशा दोघांनीही रोज स्वतंत्रपणे नोंदवही भरली. आज आधार दिला का, हे जोडीदाराने लिहायचे, आणि आज आधार मिळाला का, हे परीक्षार्थीने. आधार मिळाल्याची जाणीव परीक्षार्थीला झाली त्या दिवसांनंतर त्याची उदासी वाढलेली दिसली. याउलट, जोडीदाराने आधार दिल्याची नोंद केली पण परीक्षार्थीच्या ते लक्षातच आले नाही, अशा वेळी त्याचे मन अधिक स्थिर राहिले. मदत उघडपणे जाणवली की आपण कमी पडतो आहोत, आपण कोणाच्या उपकारात आहोत, ही बोच तिच्याबरोबर येते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. नोकरी गेलेल्या शेजाऱ्याला चारचौघांत ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणे आणि त्याच्या मुलाला आपल्या मुलाबरोबर शाळेत सोडून येणे, यांत हाच फरक आहे. अर्थात उघड मदत नेहमीच बोचते असे नाही. नताल्या मायझेल आणि शेली गेबल यांच्या २००९ च्या अभ्यासानुसार समोरच्याची खरी गरज ओळखून, त्याचे ऐकून घेऊन केलेली मदत दिसली तरी लाभदायक ठरते.

शेतीतील पैऱ्याच्या पद्धतीत ही बोच मुळातच राहत नाही. आज तुमच्या रानात मी राबलो तर उद्या माझ्या रानात तुम्ही याल, हे आधीपासून ठरलेले असल्यामुळे कोणी दाता नसतो आणि कोणी याचकही नसतो.

रोजगाराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये बोस्टनजवळ नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास मांडला. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांच्यापैकी केवळ १६.७ टक्क्यांची ओळख वारंवार भेटणाऱ्या माणसाशी होती, ५५.६ टक्क्यांची अधूनमधून भेटणाऱ्याशी आणि २७.८ टक्क्यांची क्वचित भेटणाऱ्याशी होती. जवळच्यांना बहुधा आपल्याला ठाऊक असलेल्याच जागा ठाऊक असतात, नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. लिंक्डइन या व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळाच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांवरील, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतूनही मध्यम सैल, म्हणजे ना अगदी जवळच्या ना अगदी लांबच्या, ओळखीच अधिक कामी आल्याचे दिसले. म्हणून भाऊबंदांच्या आधाराने गलाईत शिरता येते, पण त्याच मुलाला पुढे कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रचालक व्हायचे असेल, तर तिथे काम करणाऱ्या, वर्षातून एकदा भेटणाऱ्या जुन्या वर्गमित्राचा एक फोन अधिक मोलाचा ठरू शकतो.

तो फोन मात्र पुष्कळदा केलाच जात नाही, आणि त्यामागेही मोजता येणारी एक चूक आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी शिकागोतील एका उद्यानात बर्फावर घसरायला आलेल्या लोकांना गरम चॉकलेटचा पेला अनोळखी माणसाला द्यायला सांगितले. घेणाऱ्याला किती आनंद होईल याचा देणाऱ्यांनी केलेला अंदाज प्रत्यक्षाहून कमी निघाला. देणारा वस्तूची किंमत पाहतो, तर घेणाऱ्याला त्यामागची आपुलकी जाणवते. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या प्रयोगांतही, बऱ्याच दिवसांनी सहज विचारपूस केलेली समोरच्याला किती आवडेल याचा अंदाज लोकांनी कमीच केला, आणि विचारपूस अनपेक्षित असेल तेवढी ती अधिक आवडली. ‘इतक्या दिवसांनी फोन केला तर त्याला काय वाटेल’ हा संकोच म्हणजे बहुतेक वेळा अंदाजातली चूकच असते.

निवृत्त माणसाकडे आपण केवळ आधार घेणारा म्हणून पाहतो, हाही असाच चुकीचा समज आहे. स्टेफनी ब्राउन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील डेट्रॉइट परिसरातील ४२३ वृद्ध जोडप्यांच्या ५ वर्षांच्या नोंदी तपासून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मित्रांना, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना कामात मदत करणाऱ्यांचे मृत्युप्रमाण कमी आढळले. नुसता आधार घेण्याने तसा लाभ दिसला नाही. प्रकृती आधीच चांगली असलेले लोकच अधिक मदत करत असतील, ही शंका रास्त आहे. संशोधकांनी वय आणि आरोग्य यांचा हिशेब धरूनही हा फरक टिकला, तरी अशा निरीक्षणांवरून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही. तरीही साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या फिटरकाकांना फळांची करंडी देऊन निरोप देण्याबरोबरच, आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला आठवड्यातून एक दिवस तुमच्याकडे पाठवू का, असे विचारायला हा पुरावा मला पुरेसा वाटतो.