कमी खपलेली गाडी वाईटच असते का?

‘जी गाडी खपली नाही ती सदोषच असते, तिचे सुटे भागही मिळत नाहीत,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. परंतु खप हा किंमत, सर्व्हिस सेंटरचे जाळे आणि पुनर्विक्रीची धास्ती यांवरही ठरतो. भारतात फियाट कंपनीची पुंतो ही गाडी फारशी खपली नाही, तरी तिचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन भरपूर खपलेल्या स्विफ्टमध्येही होते. त्यामुळे ते जाणणारा मेकॅनिक सहसा सापडतो. अडचण येते ती बॉडीच्या भागांची, आणि ती खरी आहे. म्हणून जुनी गाडी घेण्यापूर्वी पुढची काच, बंपर आणि हेडलाइट किती रुपयांना व किती दिवसांत मिळतील, हे सुट्या भागांच्या दुकानात विचारावे. हेडलाइटचे तर आवर्जून, कारण तो गाडीला बसवण्याचा प्लास्टिकचा कान तुटला तरी पुष्कळदा अख्खा दिवाच बदलावा लागतो.