दाब दीडपट, हवा सव्वापट: सुपरचार्जरचं पुण्यातलं गणित

५ लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन मिनिटाला ६,५०० फेऱ्या मारतं, तेव्हा ते दर सेकंदाला सुमारे २७० लिटर हवा ओढत असतं. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा घेतो, म्हणजे एका फेरीला अडीच लिटर. पुढचा नुसता गुणाकार. २०१६ साली भारतात आलेल्या फोर्ड मस्टँग जीटीचं इंजिन याच मापाचं, आणि त्याला टर्बो, म्हणजे हवा आत दाबून भरणारा पंखा, नाही. बाहेरच्या हवेचा दाब जेवढी हवा आत ढकलेल, तेवढ्यावर ते भागवतं. इंजिनाला जास्त पेट्रोल पाजणं अवघड नसतं, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मोठे बसवले की काम झालं. पण १ किलो पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो हवा लागते. ती कुठून आणायची, हा खरा प्रश्न. त्याचं एक उत्तर म्हणजे सुपरचार्जर: बाहेरची हवा दाबून इंजिनात भरणारं यंत्र.

पुण्यात हा प्रश्न जरा जास्तच जाणवतो. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. मुंबईत हवेचा दाब १,०१३ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, इथे तो ९४८च्या घरात. म्हणजे घाट चढून वर आलेली गाडी सहा टक्क्यांच्या आसपास ताकद वाटेतच गमावते. विमानांना हाच त्रास कितीतरी पटींनी होई. दुसऱ्या महायुद्धातल्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनाला सुपरचार्जर होता तो त्यासाठीच, विरळ हवेत दाब टिकवून धरायला.

यंत्र तसं जुनं आहे. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८६० साली ज्या ब्लोअरचं पेटंट घेतलं, तो पुढे लोखंडाच्या भट्ट्यांना हवा मारायच्या कामी आला. मोटारींत तो मर्सिडीजनं आणला. १९२१च्या बर्लिन प्रदर्शनात त्यांच्या सुपरचार्जरवाल्या गाड्या होत्या. आजच्या रूट्स प्रकारात पीळ दिलेले दोन रोटर एकमेकांना न शिवता फिरतात. स्क्रू आणि सेंट्रिफ्युगल असे आणखी दोन प्रकार आहेत. तिन्हींमध्ये मोटारीत एक गोष्ट समान असते: यंत्र क्रँकशाफ्टवरून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून, पट्ट्यानं फिरतं. टर्बो धुरावर चालतो, त्याला वेग धरायला क्षणभर लागतो. इथे पाय दाबला की हवा हजर.

आता गेजवरच्या आकड्याकडे येऊ. साधारण सुपरचार्जर किट ७ पीएसआय (चौरस इंचाला ७ पाउंड) बूस्ट देतं, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जादा दाब. पुण्याच्या हवेत हे मिळवलं तर इंजिनाच्या तोंडाशी दाब दीडपट होतो. जमिनीत सुमारे साडेतीन किलोमीटर खोल विहीर खणून तळाशी गाडी उभी केली, तर तिला एवढ्या दाबाची हवा मिळेल. ऐकायला छान वाटतं, पण इंजिनाचं पोट दाबानं भरत नाही, हवेच्या वजनानं भरतं. हवा दाबली की तापते, आणि तापलेली हवा विरळ होते.

हिशेबच करून बघू. एप्रिलमधली दुपार, हवा ३५ अंश. सुपरचार्जर आदर्श असता, तर दीडपट दाबानं ती ७३ अंशांपर्यंत गेली असती. पण रोटर घुसळतात, गळती होते. कार्यक्षमता ६० टक्के धरली तर हवा ९८ अंशांवर पोचते, जवळजवळ उकळत्या पाण्याइतकी. अशा हवेची घनता मूळच्या सव्वापटच भरते. दाब दीडपट घेतला आणि हातात पडली सव्वापट हवा. शिवाय या दाबकामासाठी पट्टा इंजिनाकडूनच ३५ ते ४० अश्वशक्ती काढून घेतो.

म्हणून माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा भाग रोटर नव्हे, इंटरकूलर, म्हणजे दाबून तापलेली हवा गार करणारी जाळी. बऱ्याच किटमध्ये तो पाण्याचा असतो: रोटरांच्या जवळच जाळी, पुढे ग्रिलमागे वेगळा छोटा रेडिएटर आणि मध्ये विजेचा पंप. हवा ५५ अंशांवर आणली की घनता १.४ पटीवर जाते. पण हे पाणी हिंजवडीच्या संध्याकाळच्या कोंडीत अर्धा तास उभं राहिलं की तेही तापतं. बोनेटखालचं सगळंच तापतं. मोकळा रस्ता मिळाल्यावर पहिला जोर दिला जातो, तेव्हा आत गेलेली हवा डायनोवरच्या (गाडी जागेवरच चालवून ताकद मोजायच्या यंत्रावरच्या) हवेपेक्षा कितीतरी गरम असते. पाण्याच्या पंपात हवेचा बुडबुडा राहिला असेल तर विचारायलाच नको. बसवताना ही पाइपलाइन नीट ब्लीड करायला, म्हणजे तिच्यातली हवा काढायला, जो वेळ लागतो, तो द्यावाच.

बाकी जोडणी कष्टाची आहे, पण सरळ. जुना इंटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्या) उतरतो, त्या जागी सुपरचार्जर बसतो. लांब पट्टा आणि तो ताणून धरणारा नवा टेन्शनर येतो. पुल्या एका रेषेत नसतील तर पट्टा घसरतो आणि बूस्ट वरच्या आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) पडतं. इंजेक्टर मोठे, बहुतेक वेळा पेट्रोल पंपही मोठा. स्पार्क प्लग एक पायरी ‘थंड’, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, आणि त्यांची फट कमी, कारण दाट हवेत ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं.

खरी कसोटी नॉकिंगची. ठिणगी पडल्यावर ज्योत पसरत जाते आणि उरलेलं मिश्रण कोपऱ्यात दाबलं जातं, तापतं. प्रमाणाबाहेर तापलं तर ज्योत पोचायच्या आधीच ते एकदम पेटतं. मग दाबाच्या लाटा सिलिंडरभर आपटतात. ९२ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये त्या आवाजाची वारंवारता ६ किलोहर्ट्झच्या आसपास असते. ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर तोच आवाज ऐकत असतो. पिस्टनच्या माथ्यावर नेहमी तुलनेनं थंड वायूचा पातळ थर असतो, तो ॲल्युमिनियमला दोन हजार अंशांच्या ज्योतीपासून वाचवतो. नॉकच्या लाटा तो थर खरवडून काढतात. मग पिस्टन वितळायला फार वेळ लागत नाही.

यावर ट्यूनरच्या, म्हणजे इंजिनाचं इंधन आणि ठिणगी जुळवून देणाऱ्याच्या, हातात मुख्य दोन उपाय. एक, मिश्रण रिच, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पेट्रोलचं, ठेवायचं; जास्तीचं पेट्रोल वाफ होताना हवा थंड करतं. दुसरा, टायमिंग मागे घ्यायचं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडायची. मूळ इंजिनात ठिणगी पूर्ण लोडला, पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या साधारण २५ अंश (क्रँकशाफ्टच्या फेरीचे) आधी पडत असेल, तर बूस्टवर ती १५ ते १८वर आणावी लागते. ६,५०० आरपीएमला एक अंश म्हणजे सेकंदाचा ३९ हजारावा भाग. डायनोवर गाडी पट्ट्यांनी बांधलेली, समोर मोठा पंखा, लॅपटॉपवर टायमिंगची रेघ, आणि मालक म्हणतो, “अजून दोन अंश द्या ना, वीस घोडे येतील.” त्यावर “मे महिना जाऊ द्या” म्हणणारा ट्यूनर मिळाला, तर त्याला सोडू नये.

किटबरोबर आलेला तयार मॅप (इंधन आणि टायमिंगचा तक्ता) इथे जसाच्या तसा चालवणं तर फारच धोक्याचं. पेट्रोल नॉकिंगला किती दाद देत नाही ते ऑक्टेनच्या आकड्यानं सांगतात, पण अमेरिकेतल्या पंपावर लिहिलेलं ९१ आणि आपलं ९१ वेगवेगळं. तिथे दोन पद्धतींनी मोजलेल्या ऑक्टेनची सरासरी लिहितात, आपण त्यांतल्या फक्त एकीचा, आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर), सांगतो. त्यांचं ९१ म्हणजे आपलं सुमारे ९५ ते ९६. म्हणजे किटच्या कागदावर ९१ असेल, तर इथे आपलं ९१ भरून भागत नाही. इंडियन ऑइलनं डिसेंबर २०२०मध्ये १०० ऑक्टेनचं पेट्रोल दहा शहरांत आणलं, त्यांत पुणं होतं. बूस्टच्या गाड्यांना त्याचा खरा उपयोग. दुसरी गोष्ट इथेनॉलची. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला १४.७ नव्हे, १३.५ च्या आसपास हवा लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन. इथेनॉल नॉक रोखतं आणि वाफ होताना चांगलं थंड करतं, पण इंजेक्टर आधीच पूर्ण उघडे राहत असतील तर मिश्रण लीन होतं, म्हणजे इंधन कमी पडतं. ऐन बूस्टमध्ये लीन होणं म्हणजे इंजिन हातचं गेलं.

डायनोच्या कागदावरही नजर हवी. प्रचलित प्रमाणात आकडे २५ अंश आणि ९९० हेक्टोपास्कलच्या हवेला जुळवून छापतात. पुण्यातल्या गरम दुपारी त्यामुळे छापील अश्वशक्ती प्रत्यक्ष मोजलेल्यापेक्षा काही टक्क्यांनी फुगते. सुपरचार्जर बसवण्याआधीची आणि नंतरची चाचणी एकाच डायनोवर, एकाच पद्धतीनं झाली, तरच फरक खरा.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे बदल रस्त्यावरच्या गाडीत करू देत नाही. त्यामुळे असली गाडी ट्रॅकचीच, आणि ते योग्यही आहे. एवढी ताकद कोथरूडच्या सिग्नलवर वापरायची नसतेच.

ट्यूनिंग संपल्यावर आठही प्लग काढून भिंगाखाली बघावेत. पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरीच्या भुकटीसारखे बारीक काळे ठिपके किंवा चकाकणारे ॲल्युमिनियमचे कण दिसले, तर नॉकिंग झालेलं आहे, सेन्सरनं काहीही सांगितलेलं असो. अशा वेळी त्या सिलिंडरचं टायमिंग दोन अंश मागे घ्यायचं, नवे प्लग लावायचे आणि गाडी पूर्ण तापवून पुन्हा डायनोवर चढवायची.