हायब्रिड गाडीची बॅटरी : निदान-सॉफ्टवेअरद्वारे तपासणी व जुळणी

पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर अशा दोहोंवर चालणाऱ्या गाडीतील उच्चदाब बॅटरीची स्थिती लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर वाचणे, तिच्या पंख्याला किंवा चाचणीला आज्ञा देणे, बॅटरी बदलल्यावर नियंत्रकाने (बॅटरी सांभाळणाऱ्या गाडीतल्या संगणकाने) साठवलेली जुनी माहिती पुसणे आणि क्वचित नियंत्रकातील प्रोग्रॅमच बदलणे, या सगळ्यांना ढोबळपणे ‘बॅटरीचे सेटिंग’ म्हटले जाते. प्रत्यक्षात ही चार वेगळी कामे आहेत आणि त्यांतील धोकाही वेगवेगळा आहे. बॅटरी किती भरावी, किती उतरू द्यावी, किती तापल्यावर तिचा वापर आवरावा या मर्यादा मालकाला बदलता येण्याजोग्या ठेवलेल्याच नसतात. ही नोंद मुख्यतः टोयोटा प्रियसच्या आधारे लिहिली आहे, कारण जगभरातील मालकांनी आणि कारागिरांनी हिच्याइतकी दुसरी कोणतीही हायब्रिड बॅटरी उघडून, मोजून आणि दुरुस्त करून पाहिलेली नाही.

प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली. २००३ मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या पिढीत मागच्या सीटमागे निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी आहे : ६ सेलचे एक मॉड्यूल, अशी २८ मॉड्यूल एकसरीत जोडलेली, म्हणजे १६८ सेल. प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा, म्हणून एकूण विद्युत दाब (व्होल्टेज) २०१.६ व्होल्ट. क्षमता ६.५ अँपिअर-तास, म्हणजे सुमारे १.३ किलोवॉट-तास. एवढीही ऊर्जा गाडी पूर्ण वापरत नाही. नियंत्रक बॅटरीला साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यात खेळवतो आणि ६० टक्क्यांच्या आसपास परत आणत राहतो. वापरात येणारी ऊर्जा त्यामुळे जेमतेम अर्धा युनिट. निव्वळ विजेवर ही गाडी सपाट रस्त्यावर, हळू चालवली तरी, दोन-तीन किलोमीटरच्या पुढे फारशी जात नाही.

अनेक मालकांना हा पट्टा रुंद करावासा वाटतो. विकत घेतलेल्या क्षमतेपैकी निम्म्याहून अधिक पडून का राहावी, हा प्रश्न रास्तही आहे. पण निकेल-मेटल हायड्राइड सेल पूर्ण भरत आला की त्यात ऑक्सिजन तयार होतो, तो पुन्हा संयोग पावताना उष्णता निघते आणि सेल तापतो. दुसऱ्या टोकाला, एकसरीतील सर्वांत दुबळा सेल इतरांच्या आधी रिकामा होतो आणि बाकीचे सेल त्यातून प्रवाह ढकलत राहिल्याने उलट ध्रुवतेत जातो, म्हणजे त्याची धन-ऋण टोके उलटी होतात. असा सेल सहसा सावरत नाही. उथळ चढ-उतारात ठेवलेली बॅटरी लाखो वेळा भरते-उतरते. तीच पूर्ण भरून पूर्ण उतरवली तर तिचे आयुष्य काही शे ते काही हजार फेऱ्यांवर येते. टॅक्सी म्हणून धावलेल्या प्रियस मूळ बॅटरीवर काही लाख किलोमीटर गेल्या, त्याचे श्रेय या अरुंद पट्ट्याला आहे.

माहितीचे वाचन

गाडीच्या डॅशबोर्डखाली १६ पिनांचे निदान-सॉकेट असते. अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचे झाले. त्याला टोयोटाच्या सर्व्हिस सेंटरमध्ये टेकस्ट्रीम हे अधिकृत सॉफ्टवेअर जोडतात; होंडाकडे एचडीएस आहे. खासगी वापरासाठी स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर आणि डॉ. प्रियस, हायब्रिड असिस्टंट किंवा टॉर्क यांसारखी मोबाइल ॲप चालतात. साधा स्कॅनर फक्त प्रदूषणाशी निगडित सर्वसामान्य कोड, म्हणजे बिघाडाचे संकेतांक, वाचतो. बॅटरीचे तपशील कंपनीच्या खास संदेशांत असल्याने ते समजणारे सॉफ्टवेअरच लागते.

दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये २८ मॉड्यूलचे १४ गट केलेले असून प्रत्येक गटाचा दाब वेगळा दिसतो. त्याशिवाय प्रत्येक गटाचा अंतर्गत रोध (प्रवाहाला आतूनच होणारा अडथळा), तीन ठिकाणचे तापमान, आत ओढलेल्या हवेचे तापमान, पंख्याची गती आणि त्या क्षणी बॅटरीत किती शक्ती घ्यायची व तिच्यातून किती द्यायची याच्या मर्यादाही दिसतात. या शेवटच्या दोन आकड्यांकडे सहसा दुर्लक्ष होते. खरे तर ‘सेटिंग’ या नावाला सर्वांत जवळचे तेच आहेत, फक्त ते नियंत्रक स्वतः दर क्षणी ठरवतो. बॅटरी थंड किंवा फार गरम असेल, गटांत तफावत पडली असेल, तर तो या मर्यादा खाली आणतो. मालकाला गाडी मंद वाटते, इंजिन वारंवार चालू होते, मायलेज घसरते. इलाज त्या आकड्यांमागच्या कारणावर करायचा असतो.

पडद्यावर दिसणारी चार्जची टक्केवारी मात्र मोजलेली नसते, ती अंदाजलेली असते. या प्रकारच्या सेलचा दाब मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे नुसत्या दाबावरून चार्ज कळत नाही. नियंत्रक आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रवाह मोजून बेरीज-वजाबाकी ठेवतो आणि वेळोवेळी ती दाबाशी ताडून पाहतो. म्हणून निदान करताना टक्केवारीपेक्षा भाराखालील गटांचे दाब पाहावेत. गाडी चढावर जोर घेत असताना १३ गट एकत्र खाली येतात आणि एकच गट एक-सव्वा व्होल्टने जास्त घसरतो, तेव्हा त्या गटातला एखादा सेल गेल्याची शक्यता मोठी असते. उभ्या गाडीत हाच गट इतरांइतका दाब दाखवू शकतो.

आज्ञा आणि जुन्या नोंदी पुसणे

वाचनानंतरची पायरी आज्ञेची. टेकस्ट्रीममधून बॅटरीचा पंखा हव्या त्या गतीवर फिरवून पाहता येतो. काही मोबाइल ॲपही ते करतात. उन्हाळ्यात पंखा लवकर आणि जोरात चालवणे हा मालकाच्या हातातील सर्वांत उपयोगी आणि सर्वांत निरुपद्रवी हस्तक्षेप आहे. ॲप बंद केले की नियंत्रक पुन्हा आपल्या नियमावर येतो. त्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘कस्टमाइज’ नावाचा विभागही आहे. त्यातून रिव्हर्स गिअरमधला सततचा बीप एकदाच वाजेल असा करता येतो, दरवाजांच्या कुलपांचे वर्तन बदलता येते. हे पाहून बॅटरीचेही असेच काही असेल अशी समजूत होते. त्या विभागात चार्जच्या पट्ट्याचा किंवा प्रवाहमर्यादेचा पर्याय नाही.

बॅटरी बदलल्यावर नियंत्रकाच्या स्मरणातली जुन्या बॅटरीची माहिती पुसण्याची सोय अनेक गाड्यांत असते. नवी बॅटरी बसवूनही गाडी जुन्या, खचलेल्या बॅटरीच्या मर्यादा पाळत राहू नये म्हणून हे काम असते. होंडाच्या आयएमए पद्धतीच्या (मोटर इंजिनाला मदत करते अशा) गाड्यांत १२ व्होल्टची बॅटरी सोडवून जोडल्यावर मुख्य बॅटरीचा मापक रिकामा दिसू शकतो. अशा वेळी गाडी उभी ठेवून इंजिन मिनिटाला ३,५०० ते ४,००० फेऱ्यांवर धरायचे आणि मापकावर किमान तीन रेघा येईपर्यंत थांबायचे, अशी कंपनीची पद्धत आहे. तिला सॉफ्टवेअर लागत नाही.

सर्वांत जास्त गैरवापर होतो तो कोड पुसण्याचा. पी०ए८० हा कोड ‘हायब्रिड बॅटरी बदला’ असे सांगतो. पी३०११ ते पी३०२४ या उपकोडांपैकी एक दुबळा गट कोणता ते दाखवतो. कोड पुसला की डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा लाल त्रिकोण विझतो आणि गाडी काही दिवस, कधी काही आठवडे, ठीक चालते. सेल मात्र तसाच खचलेला राहतो. जुनी हायब्रिड विकताना ही युक्ती सर्रास वापरली जाते आणि घेणाऱ्याचे मोठे नुकसान होते. ती पकडण्याचा मार्ग त्याच सॉकेटमध्ये आहे : कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडा प्रमाणित माहितीत नोंदवलेला असतो आणि साधा स्कॅनरही तो दाखवतो. काही वर्षांच्या गाडीत हा आकडा पाच-पन्नास किलोमीटर निघाला, तर विक्रेत्याला कारण विचारावे आणि लांब फेरी मारून पुन्हा वाचन घ्यावे.

एक दुबळे मॉड्यूल काढून दुसरे जुने बसवण्याची दुरुस्ती स्वस्त पडते, पण टिकण्याची खात्री कमी. क्षमता आणि अंतर्गत रोध जुळवून न घेता बसवलेले मॉड्यूल नवी तफावत निर्माण करते आणि काही महिन्यांत शेजारचे मॉड्यूल जाते. ही तफावत कोणतेही सॉफ्टवेअर भरून काढत नाही. सर्व मॉड्यूल बाहेर काढून चार्जरवर अनेकदा भरावी-उतरवावी लागतात.

प्रोग्रॅम बदलणे

मर्यादा खरोखर बदलायच्या तर नियंत्रकातील प्रोग्रॅम बदलावा लागतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण होंडाचे आहे. २००६ ते २००८ या वर्षांच्या सिव्हिक हायब्रिडमध्ये १५८.४ व्होल्टची बॅटरी होती आणि अमेरिकेत ती मोठ्या संख्येने वेळेआधी खराब होऊ लागली. २०१० मध्ये कंपनीने नवा प्रोग्रॅम दिला. बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून मोटरची मदत कमी केली होती. बॅटरीवरचा ताण उतरला, पण गाडी मंद झाली आणि मायलेज घटले, अशी मालकांची तक्रार होती. कॅलिफोर्नियातील एका मालकिणीने सामूहिक दाव्यातून बाहेर पडून लहान रकमांच्या न्यायालयात स्वतः खटला चालवला. फेब्रुवारी २०१२ मध्ये तिला ९,८६७ डॉलर मंजूर झाले. त्याच वर्षी अपिलात तो निकाल फिरला. निकाल कोणताही असो, आयुष्य, ताकद आणि मायलेज या तिघांतील एक वाढवले की दुसरे घटते, हे या प्रकरणाने जितके स्पष्ट दाखवले तितके कोणत्याही माहितीपत्रकाने दाखवलेले नाही.

प्रोग्रॅमला हात न लावता नियंत्रकाला चकवण्याचा मार्गही काहींनी चोखाळला. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातील कॅलकार्स या गटाने प्रियसमध्ये जास्तीच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या बसवून ती घरच्या प्लगवर भरता येईल अशी केली. अशा रूपांतरांत नियंत्रकाला बॅटरी भरलेली असल्याचे भासवले जाते, म्हणजे गाडी विजेचा वापर अधिक करते. प्लग-इन हायब्रिड बाजारात येण्याआधी ती कल्पना व्यवहार्य असल्याचे या मंडळींनी सिद्ध केले. त्याबद्दल त्यांचे मोल मोठे आहे. पण खोट्या माहितीवर चालणारा नियंत्रक रक्षणही खोट्या माहितीवर करतो, म्हणून अशा गाडीत सेलवर लक्ष ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा लागतेच.

सुरक्षितता

सॉफ्टवेअर लावून वाचन करण्यात विजेचा धोका नाही. बॅटरीचे झाकण उघडण्यात आहे. २०० व्होल्टचा एकदिश प्रवाह प्राणघातक ठरतो आणि बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये दाब याहून बराच वाढवला जातो; दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये तो ५०० व्होल्टपर्यंत जातो. उच्चदाबाच्या नारिंगी केबलला हात लावण्यापूर्वी गाडी बंद करावी, १२ व्होल्टची बॅटरी सोडवावी, सर्व्हिस प्लग (बॅटरीची जोडणी तोडणारी खुंटी) काढून खिशात ठेवावा, इन्व्हर्टरमधील वीज साठवणारे कपॅसिटर उतरण्यास किमान दहा मिनिटे द्यावीत आणि मीटरने दाब शून्य असल्याची खात्री करावी. हातात १,००० व्होल्टसाठीचे रबरी हातमोजे हवेतच.

भारतातील स्थिती

प्रियस २०१० मध्ये भारतात आली, पण आयात किमतीमुळे फारशी खपली नाही. २०२२ हे वर्ष इथे वळणाचे ठरले : होंडा सिटी ई:एचईव्ही, टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा आणि इनोव्हा हायक्रॉस या पूर्ण हायब्रिड (काही अंतर निव्वळ विजेवरही चालणाऱ्या) गाड्या त्याच वर्षी पुढे आल्या. हायक्रॉसमध्ये अजूनही निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी आहे, हायरायडर आणि ग्रँड विटारात लिथियम-आयन. टोयोटा आणि होंडा दोघेही हायब्रिड बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किमीची वॉरंटी देतात. ती चालू असताना बाहेरच्या सॉफ्टवेअरने नियंत्रकात काही लिहिणे म्हणजे हक्काची दुरुस्ती धोक्यात घालणे होय. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई करते. प्लग-इन रूपांतर करू पाहणाऱ्याने ते आधी वाचावे.

प्रियससारख्या हवेने थंड होणाऱ्या बॅटरीचा पंखा प्रवाशांच्या कक्षातलीच हवा ओढतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे उन्हात उभी राहिलेली गाडी सुरू केल्यावर आधी काचा उघडून गरम हवा बाहेर घालवावी, मग एसी लावावा. कक्ष थंड झाला की बॅटरीही थंड होऊ लागते. सीटजवळची हवेची जाळी पिशव्यांनी किंवा चादरीने झाकू नये आणि तिच्यातली धूळ नियमित काढावी. जाळी साफ करण्याआधी आणि नंतर बॅटरीचे तापमान व पंख्याची गती मोबाइलवर वाचून ठेवली, तर झालेला फरक आकड्यांत दिसतो.