विषादग्रस्ताची परिचर्या (आयुर्वेद व योग)

नैराश्याने दीर्घकाळ ग्रासलेल्या व्यक्तीला आहार, निद्रा, दिनचर्या, आसन-प्राणायाम आणि आश्वासन यांच्या साहाय्याने घरातील माणसांनी द्यावयाचा आधार. प्राचीन ग्रंथांतील सूत्रे व आजचा मनोविकारचिकित्सेचा अनुभव यांतून ही परिचर्या घडली आहे. ती मानसोपचाराला पूरक आहे, त्याचा पर्याय नव्हे.

आज ज्याला नैराश्य किंवा डिप्रेशन म्हणतात, त्याला चरकसंहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या एका प्रमुख प्राचीन ग्रंथात, एकच एक स्वतंत्र व्याधी म्हणून स्थान नाही. त्याच्या सूत्रस्थान या विभागाच्या विसाव्या अध्यायात वात या दोषाच्या ८० विकारांमध्ये विषाद, अस्वप्न म्हणजे झोप न लागणे आणि चित्ताची अस्थिरता यांची गणना आहे. पंचविसाव्या अध्यायात ‘विषादो रोगवर्धनानाम्’ असे म्हटले आहे. म्हणजे रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषाद सर्वांत प्रबळ मानला आहे. अनेक आधुनिक वैद्य मात्र नैराश्याचे साम्य कफज उन्मादाशी, म्हणजे कफदोषातून होणाऱ्या मनोविकाराशी, जोडतात. निदानस्थानाच्या सातव्या अध्यायातील त्याचे वर्णन बोलके आहे : रुग्ण एका जागी बसून राहतो, बोलत नाही, फारसा हिंडत-फिरत नाही, त्याला एकांत हवासा वाटतो, स्वच्छता नकोशी होते आणि तो सतत झोपतो. तथापि नैराश्याचे जे रुग्ण रात्र-रात्र तळमळतात आणि ज्यांचे वजन झपाट्याने घटते, त्यांना हे वर्णन लागू पडत नाही. त्यांची लक्षणे वाताकडे झुकतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात उन्मादाच्या सहा प्रकारांत मनोदुःखातून होणारा प्रकार वेगळा सांगितला असून, भय, धननाश व आप्तवियोग ही त्याची कारणे दिली आहेत. सबंध नैराश्याला एकाच प्राचीन संज्ञेत बसविण्यापेक्षा रुग्णागणिक दोषविचार करण्याचे मत अधिक सावध वाटते.

उन्मादाच्या चिकित्सेचा अध्याय मूळ कोणाचा, हा प्रश्नही जुनाच आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील १७ अध्याय, तसेच कल्पस्थान व सिद्धिस्थान, दृढबल या नंतरच्या ग्रंथकाराने पूर्ण केले, असे त्या ग्रंथातच नमूद आहे. मात्र ते १७ कोणते, याविषयी एकमत नाही. अध्यायांचा क्रम निरनिराळ्या पाठांत वेगळा असल्याने हा घोळ झाला. अकराव्या शतकातील टीकाकार चक्रपाणिदत्त यांच्या गणनेनुसार राजयक्ष्म्यापर्यंतचे आठ आणि अर्श, अतिसार, विसर्प, मदात्यय व द्विव्रणीय हे पाच, असे १३ अध्याय चरकाचे होत. त्या हिशेबाने नववा, उन्मादचिकित्सेचा, दृढबलाकडे जातो. सर्वसाधारणपणे हीच गणना ग्राह्य धरली जाते. दृढबलाचा काळ बहुधा इसवी सनाचे चौथे-पाचवे शतक असावा. ही गणना मानल्यास निदानस्थानातील लक्षणांचे वर्णन जुन्या थरातील आणि खाली दिलेले उपचार काहीसे नंतरचे ठरतात.

चिकित्सेचे दैवव्यपाश्रय (मंत्र, पूजा इत्यादी), युक्तिव्यपाश्रय (आहार व औषध) व सत्त्वावजय असे तीन प्रकार सूत्रस्थानात दिले असून, अहितकारक विषयांपासून मनाला आवरणे अशी सत्त्वावजयाची व्याख्या आहे. उन्मादचिकित्सेत हे काम मित्रावरही सोपविले आहे : त्याने धर्म व अर्थ यांना धरून बोलत रुग्णाला धीर द्यावा. प्रिय वस्तू गमावल्यामुळे मन खचले असेल, तर तिच्यासारख्या वस्तूची प्राप्ती, सांत्वन व आश्वासन यांनी ते शांत करावे, असेही तेथे सांगितले आहे. त्याच अध्यायात रुग्णाला धाक दाखविणे, मारणे, विषहीन केलेल्या सापाने भिवविणे असेही उपाय येतात. ते आज सर्वस्वी त्याज्य आहेत आणि खचलेल्या माणसाला ते घातकच ठरतील. ‘जरा मन घट्ट कर’ असा दरडावणीचा सूरही त्याच धाकाचे सौम्य रूप होय.

वैद्य, औषध, परिचारक व रुग्ण हे चिकित्सेचे चार पाद मानलेले आहेत. परिचारकाकडे सेवेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी ममत्व आणि शुचिता हे गुण अपेक्षित आहेत. त्यांतील ज्ञानाची कसोटी झोपेच्या बाबतीत लागते. दिवसा झोपणे उन्हाळ्याखेरीज एरवी निषिद्ध असले, तरी शोक, भय व क्रोध यांनी थकलेल्यांना ते कोणत्याही ऋतूत मोकळे ठेवले आहे. म्हणून वियोगानंतर दुपारी डोळा लागलेल्या माणसाला उठवू नये. याउलट कित्येक आठवडे दिवस-दिवस अंथरुणात काढणाऱ्याला मात्र उठण्याची ठरावीक वेळ, सकाळचा उजेड आणि सोबतीने थोडे चालणे यांकडे हळूहळू वळवावे. आहाराविषयी चरकसंहितेचे विमानस्थान सांगते, की चिंता, शोक व जागरण यांमुळे हितकर आणि बेताने खाल्लेले अन्नही पचत नाही. तेव्हा न जेवणाऱ्याला ताटभर वाढून आग्रह करण्यापेक्षा ऊन, मऊ, थोडे अन्न त्याच्याजवळ बसून देणे योग्य.

पतंजलीच्या योगसूत्रांत (१.३१) दुःख, दौर्मनस्य, अंगाचा कंप आणि श्वास-प्रश्वास हे चित्तविक्षेपाचे, म्हणजे मन विचलित होण्याचे, सोबती म्हटले आहेत. या सूत्रांवरील व्यासभाष्यानुसार दौर्मनस्य म्हणजे इच्छाभंगामुळे होणारा चित्तक्षोभ. सोबत करणाऱ्याला दुःखिताविषयी करुणा सांगणारे १.३३ हे सूत्र अधिक उपयोगी आहे. प्रत्यक्षात सोपी आसने व संथ श्वसन एकत्र करावे. तीव्र नैराश्यात एकट्याने दीर्घकाळ डोळे मिटून बसण्याने काहींचे उलटसुलट विचार वाढतात. ज्यांना पूर्वी उन्मादावस्थेचा (आजच्या अर्थाने मेनियाचा, म्हणजे अतिउत्तेजित मनःस्थितीचा) झटका आला आहे, त्यांनी भस्त्रिकेसारखे वेगवान प्राणायाम टाळावेत.

बंगळूरच्या निमहान्स या मनोविकार संस्थेतील २००० साली प्रसिद्ध झालेल्या ४५ रुग्णांवरील अभ्यासात सुदर्शन क्रिया ही लयबद्ध श्वसनाची पद्धत इमिप्रामिन या नैराश्यविरोधी औषधाच्या जवळपास बरोबरीची ठरली, पण विद्युत उपचार (मेंदूला नियंत्रित विजेचा झटका देणे) दोहोंपेक्षा सरस ठरला. रुग्णसंख्या लहान असल्याने त्यावरून व्यापक निष्कर्ष काढता येत नाही. कॅनडातील तज्ज्ञगटाच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत सौम्य ते मध्यम नैराश्यात योगाला पूरक उपचाराचे स्थान दिले आहे. अश्वगंधा, जटामांसी, ब्राह्मी यांसारखी द्रव्ये घरच्या घरी सुरू करू नयेत. अश्वगंधेचा थायरॉइडवर व झोपेच्या औषधांच्या प्रभावावर परिणाम होऊ शकतो, आणि तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. चालू असलेली नैराश्यविरोधी औषधे एकाएकी बंद केल्यास त्रास होतो व आजार उलटू शकतो. जगणे नको झाल्याचे बोलणे, वस्तूंची निरवानिरव करणे किंवा अन्नपाणी सोडणे दिसल्यास रुग्णाला एकटे न ठेवता लगेच मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयात न्यावे, आणि घरातील औषधांचा साठा व घातक वस्तू त्याच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.