तार नसलेल्या पियानोची पारख

दुकानात डिजिटल पियानोसमोर बसलेला माणूस बहुधा मधल्या सप्तकातली एखादी पट्टी मध्यम जोराने दाबतो, भरदार स्वर ऐकतो आणि खूश होतो. ही परीक्षा जवळजवळ निरुपयोगी आहे. मध्यम जोराचा, क्षणभर ऐकलेला एकटा स्वर आज स्वस्तातले वाद्यही उत्तम देते, कारण तो बहुतेक वेळा एखाद्या उंची ग्रँड पियानोचे चांगल्या स्टुडिओत केलेले ध्वनिमुद्रणच असतो. वाद्यावाद्यांतला फरक उघडा पडतो तो त्या स्वराच्या अलीकडे आणि पलीकडे: पट्टी खाली जाताना बोटाला काय जाणवते, जोर बदलला की स्वराचा पोत कसा बदलतो आणि दाबून धरलेला स्वर विरतो कसा, यांत.

आपल्याकडे पट्टी म्हटले की आधी पेटी आठवते. पेटीची पट्टी म्हणजे एक झडप. ती उघडली की भात्यातली हवा रीडवरून वाहते, आणि पट्टी हळू दाबली काय किंवा आपटली काय, स्वराचा जोर भात्यावरच ठरतो. सन १७००च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने घडवलेल्या पियानोत मात्र पट्टी ही एक तरफ आहे आणि ती हातोडी फेकते. पट्टी सुमारे १० मिलिमीटर खाली जाते, तेवढ्यात हातोडी सुमारे ४५ मिलिमीटर वर उसळते, तारेला लागण्याच्या किंचित आधी यंत्रणेपासून सुटते आणि उरलेले इवलेसे अंतर केवळ स्वतःच्या वेगाने कापते. म्हणजे त्या शेवटच्या क्षणी वादकाच्या हातात काहीच उरत नाही; जे काही सांगायचे ते त्याने हातोडीच्या वेगातून आधीच सांगितलेले असते.

हा वेग केवळ स्वर लहान-मोठा करत नाही. हातोडीवर दाबून बसवलेल्या लोकरीचा नमदा असतो. हळू आघातात तो मऊ राहतो, जोराच्या आघातात दबून कठीण होतो, आणि त्यामुळे तारेतले वरचे उपस्वर अधिक जागे होऊन स्वर उजळतो. हातोडी आणि तार यांचा स्पर्श खर्जात सुमारे ४ मिलिसेकंद टिकतो, तर अगदी वरच्या स्वरांत एका मिलिसेकंदाहूनही कमी. एवढ्याशा काळात काय घडते, या प्रश्नाने चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही ओढून घेतले होते. १९२० साली त्यांनी भाबोनाथ बॅनर्जी यांच्यासह पियानोच्या हातोडीच्या आघातावरचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

डिजिटल पियानोला हे सारे नाटक तारेशिवाय वठवायचे असते. त्याचा रूढ मार्ग म्हणजे सॅम्पलिंग: खऱ्या पियानोचा प्रत्येक स्वर वेगवेगळ्या जोराने वाजवून मुद्रित करायचा आणि पट्टी दाबली की जुळणारे मुद्रण ऐकवायचे. ऐकायला सोपे वाटणारे हे काम किती जागा खाते, याचा हिशेब मांडून पाहावा. ८८ पट्ट्या, प्रत्येकीचे १० जोर आणि प्रत्येक मुद्रण २० सेकंदांचे धरले, तर सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ ध्वनीसाठी सुमारे ३ गिगाबाइट लागतात. आणि खर्जाचा स्वर तर २० सेकंदांनंतरही पुरता विझलेला नसतो. म्हणून अनेक वाद्यांत काटकसर केलेली असते. एकच मुद्रण शेजारच्या दोन-तीन पट्ट्यांना ताणून वापरतात, जोरांच्या पायऱ्या कमी ठेवतात आणि स्वराचे शेपूट मुद्रित न करता त्याचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवत आवाज हळूहळू कमी करतात.

या काटकसरीची चोरी पकडण्यासाठी फार मोठा वादक असावे लागत नाही. एकच पट्टी अगदी हलक्यापासून जोरापर्यंत पंधरा-वीस वेळा वाजवावी. पोत सरकत बदलण्याऐवजी एखाद्या ठिकाणी झटक्याने उजळला, तर तिथे एक मुद्रण संपून दुसरे सुरू झाले आहे. त्याहून कठोर परीक्षा स्वराच्या विरण्याची. पियानोच्या मधल्या आणि वरच्या बहुतेक स्वरांना प्रत्येकी तीन तारा असतात. मिशिगन विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ गॅब्रिएल वाइनराइख यांनी १९७७ साली दाखवून दिले, की या तारा ध्वनिफलकाच्या, म्हणजे तारांचा कंप हवेत पोहोचवणाऱ्या मोठ्या लाकडी फळीच्या, आधाराने एकमेकींशी बोलतात: आरंभी त्या एका तालात हलून आपली ऊर्जा झपाट्याने फलकाला देतात, मग त्यांची चाल एकमेकींविरुद्ध होते आणि उरलेली ऊर्जा रेंगाळत राहते. म्हणून खरा पियानो आधी भर्रकन ओसरतो आणि मग दीर्घकाळ गुणगुणतो, आणि त्या गुणगुणण्यात एक संथ हेलकावा असतो. फिरवलेल्या तुकड्यात हा हेलकावा एक तर नसतो किंवा यंत्रासारखा ठरावीक अंतराने परत येतो. डोळे मिटून एक स्वर संपेपर्यंत ऐकणे कंटाळवाणे असते खरे, पण माझ्या मते दुकानात देता येईल असा सर्वांत मोलाचा अर्धा मिनिट तोच.

सतारीच्या तरफा, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तारा, ठाऊक असलेल्यांना पुढची गोष्ट समजावून सांगायला नको. पियानोतही जी तार मोकळी असेल ती दुसरीच्या स्वराने झंकारते, आणि उजवे पेडल दाबले की सगळ्याच तारा, म्हणजे दोनशेहून अधिक, तरफा बनतात. हे तपासायला मधल्या सप्तकातला ‘सा’ आवाज न होईल इतका हळू दाबून धरावा आणि खालच्या सप्तकातला ‘सा’ तोडून वाजवावा; खालचा स्वर थांबल्यावर दाबून धरलेला ‘सा’ पुसटसा ऐकू यायला हवा. स्वतंत्र स्वरांची नुसती मुद्रणे हे करू शकत नाहीत, त्यासाठी वाद्याला वेगळे गणित करावे लागते. काही वाद्ये तर मुद्रणे बाजूला ठेवून हातोडी, तार आणि फलक यांची समीकरणेच त्या त्या क्षणी सोडवतात. रोलँड कंपनीचा २००९ साली आलेला व्ही-पियानो हे त्याचे ठळक उदाहरण. अशा वाद्यांत जोराच्या पायऱ्या जाणवत नाहीत, मात्र आघाताच्या पहिल्या क्षणाचा लाकडीपणा साधणे त्यांना अधिक जड जाते, असे माझ्या कानाचे मत आहे.

आता बोटाकडे वळू. जाहिरातीत पट्टीचे वजन सांगितलेले असते, आणि खऱ्या पियानोची पट्टी हळू खाली जाण्यासाठी साधारण ५० ग्रॅम भार लागतो हेही बरोबर आहे. पण हा आकडा स्थिर भाराचा आहे. वेगाने वाजवताना बोटाला जाणवतो तो वजनापेक्षा जडत्वाचा विरोध, कारण तरफेच्या दुसऱ्या टोकाची हातोडी पट्टीच्या सुमारे पाचपट वेगाने उडवायची असते. स्प्रिंगच्या जोरावर ५० ग्रॅमांचा विरोध सहज निर्माण करता येतो. तशी पट्टी संथ दाबताना खरी वाटते आणि जलद तानेत पोकळ. दुसरी खोट तरफेच्या लांबीत लपलेली असते. सुटसुटीत वाद्यात पट्टीचा टेकू जवळ घ्यावा लागतो, त्यामुळे पट्टी आतल्या टोकाशी दाबली की एकदम जड होते. काळ्या पट्ट्यांच्या मधून बोटे घालून वाजवल्याशिवाय हे कळत नाही.

पट्टीचा वेग मोजण्याची रीत साधी आहे: खाली जाताना ती दोन संवेदक ओलांडते आणि त्यांमधल्या वेळेवरून वेग काढला जातो. मिडी या इलेक्ट्रॉनिक वाद्यांना जोडणाऱ्या, १९८३ साली रुजलेल्या संकेतप्रणालीत या वेगाच्या १२७ पायऱ्या असतात. अडचण येते ती एकच स्वर झपाट्याने पुन्हा वाजवताना. पॅरिसच्या सेबास्तियाँ एरार याने १८२१ साली पेटंट घेतलेल्या यंत्रणेमुळे ग्रँड पियानोत पट्टी पूर्ण वर न येताच स्वर पुन्हा वाजतो. दोन संवेदकांच्या वाद्यात मात्र ती वरच्या संवेदकापलीकडे परत आली नाही तर स्वर गळतो. तिसरा संवेदक मध्ये बसवला की ही उणीव बरीचशी भरून निघते.

खरी गंमत अशी, की स्पर्श आणि ध्वनी वेगळे पारखताच येत नाहीत. वाद्यातला स्पर्शाचा पर्याय ‘हलका’ केला तर पट्टीचे वजन तसूभर बदलत नाही, फक्त त्याच वेगाला अधिक मोठा स्वर मिळतो. तरीही वादक शपथेवर सांगतो की पट्टी हलकी झाली. आवाजाची पातळी बदलली तरी असाच भास होतो, शिवाय कमी आवाजात कानाला खर्ज तुलनेने अधिक क्षीण ऐकू येतो. म्हणून दोन वाद्ये एकाच पातळीवर, एकाच हेडफोनने आणि वाद्यातला सभागृहाचा कृत्रिम घुमारा बंद करून ऐकावीत. विक्रेते हा घुमारा अगत्याने चालू ठेवतात. तो सगळ्या वाद्यांना सारखाच देखणा करतो.

खगोलशास्त्रज्ञ जेम्स जीन्स यांचे म्हणणे होते, की एकटा स्वर वाजवायचा तर पट्टीवर पादेरेव्हस्कीसारख्या नामवंत पियानोवादकाचे बोट पडले काय किंवा छत्रीचे टोक, वेग तोच असेल तर स्वरही तोच. वादकांना हे कधीच पटले नाही. संशोधक व्हेर्नर ग्योबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली हा प्रश्न ऐकणाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा काही श्रोत्यांना आपटलेली पट्टी आणि दाबलेली पट्टी यांतला फरक ओळखता आला. पण बोट पट्टीवर आदळण्याचा बारीक आवाज मुद्रणातून वगळला की तो ओळखता येईना. म्हणजे पियानोच्या स्वरात लाकडाची ही टकटकही सामील आहे. डिजिटल वाद्य ती दोन वाटांनी देते, एक मुद्रणातून आणि दुसरी स्वतःच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांतून, आणि त्या दोन्ही जुळतातच असे नाही. तेव्हा विकत घेण्यापूर्वी वाद्य एकदा वीज बंद करूनही वाजवून पाहावे. रात्री हेडफोन लावून बसल्यावर घरातल्या इतरांना आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना ऐकू जाणार आहे ते तेवढेच.